डाव्या गालाची सूज आणि उजवी दाढ

चहा मिळाला ना सगळ्यांना? मग एक घोट घ्या आणि कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा आमच्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता. तुमचं तसं नको व्हायला.

तर मी स्वतःच्या हातानं, म्हणजे स्वतःच्या गालानं, काय करून ठेवलं ते ऐका.

मी तशी साधी बाई हो. बारावीपर्यंत शिकले, लग्न होऊन नागपूरला आले. आमचे हे कोराडीच्या वीज केंद्रात क्लार्क. माझ्या चेहऱ्याला आजवर बेसन, हळद आणि दिवाळीचं उटणं, यापलीकडं काही लागलं नव्हतं. पण आमच्या पल्लवीचं लग्न जमायला आलं आणि माझी बुद्धी फिरली.

स्थळ रामटेकचं. मुलगा चांगला, पल्लवीच्या मनातला. घरही चांगलं. फक्त मुलाच्या आईची, मंदाताईंची, एक अट होती. ज्या घराशी सोयरीक करायची त्या घरात व्यसन नको. त्यातही खर्रा तर अजिबात नको.

नागपूरच्या माणसाला खर्रा सांगावा लागत नाही, पण तुमच्यात कोणी बाहेरची असेल तर सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटघोट घोटतात. मग तो गालात धरून माणूस दिवसभर हिंडतो. गाल एका बाजूनं असा टम्म! मंदाताईंच्या यजमानांनी तीस वर्षं तो खाल्ला, आणि मंदाताईंनी भांडून, रडून, उपास करून तो सोडवला. त्यामुळं त्या पहिल्या भेटीत काय म्हणाल्या असतील आमच्या ह्यांना?

"व्याही, जरा हसून दाखवा."

हे बिचारे हसले.

"असं नाही. दात दिसले पायजे."

ह्यांनी दात दाखवले. मंदाताईंनी चष्मा सारखा करून दोन्ही ओळी पाहिल्या. मग म्हणाल्या, "साफ आहे. आता मुलगी पाहू."

तर अशा विहीणबाई! साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तेवढी काढायची राहिली होती. आणि तेवढ्यात आमच्या शेजारची मीना घरी आली.

"सुनंदाताई, तुमच्या तोंडाच्या दोन्ही बाजूला ह्या रेषा कवापासून आहेत वं?"

"कोणत्या रेषा?"

"ह्या काय, नाकापासून खाली. कंसात तोंड लिहिल्यावाणी दिसून राहिलं."

मी आरशात पाहिलं. खरंच, कंस! आजवर कधी दिसले नव्हते. त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसेना. वरण घोटताना कंस, भांड्याच्या बुडाशी कंस.

"वधूमायचे फोटो वधूइतकेच निघते," मीना म्हणाली. "एक इंजेक्शन असते. रेषा भरून येते. कोणाले पत्ता लागत नाही."

कोणाले पत्ता लागत नाही, हे ऐकलं आणि मी तिच्यासोबत गेले. ह्यांना सांगितलं, बांगड्या पाहायला जाते. डॉक्टरीण पोरसवदा, गोड बोलणारी. तिनं दोन्हीकडं फिलर भरलं. मुंगी चावल्यासारखं झालं, संपलं. मी दुपट्ट्यानं तोंड बांधून परत आले. आमच्याकडं मे महिन्यात रस्त्यावर सगळ्या बायका डोळे तेवढे उघडे ठेवून फिरतात, त्यामुळं गल्लीत कोणी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

उजवी बाजू सुरेख बसली. डावीकडं मात्र गाठ आली. आधी चिंचोक्याएवढी, मग बोराएवढी, आणि तिच्याभोवती सूज. जीभ फिरवली की आतून लागायची. बोलताना ओठ एका बाजूला ओढला जायचा.

मी पुन्हा डॉक्टरणीकडं. तिनं दाबून पाहिलं.

"काकू, घाबरू नका. कधी कधी होतं असं. विरघळवायचं एक इंजेक्शन असतं. आधी हातावर थोडंसं देऊन बघू, सोसतंय की नाही. मग गालात. दोन मिनिटांचं काम."

"डाग राहील का?"

"सुईचा डाग राहत नाही, काकू. फार तर चार दिवस निळसर दिसेल. तुम्ही मात्र ते चोळू नका, शेकू नका, टोचू नका. त्यानं जखम झाली, चिघळली, तर व्रण राहू शकतो."

आता नीट पाहा. तिनं किती वाक्यं सांगितली? आणि माझ्या कानात शेवटचं किती शिरलं? "व्रण राहू शकतो." बस्स!

मी बाही वर केली आणि दंड तिच्यापुढं धरला. लहानपणी देवी टोचली होती, तिचा डाग. रुपयाएवढा, फुलासारखा. आमच्या वयाच्या सगळ्यांच्या दंडावर आहे.

"सुईचा डाग राहत नाही म्हणता ना? मग हा काय?"

"काकू, ती लस वेगळी. तिथं फोड यायचा, खपली धरायची..."

"तेव्हाही नर्सबाईनं राहत नाही असंच सांगितलं होतं."

"विचार करून या," म्हणाली ती पोर.

मी विचार करायला मीनाकडं गेले. म्हणजे विहीर सोडून आडात!

"बापा!" मीनानं छातीवर हात ठेवला. "ते विरघळवायचं नका घेऊ. एकीच्या गालाले खड्डा पडला म्हणे."

"कोणाच्या?"

"नाव मालूम नाही. पण खड्डा पक्का आहे."

"अगं, इंजेक्शन घ्यायला तूच नेलं ना मला?"

"भरायले नेलं होतं. काढायचं मी कुठं म्हटलं?"

मग मी ठरवलं. गाठ काय, आज आहे, उद्या जिरेल. पण देवीचा डाग दंडावर आहे म्हणून बाहीखाली झाकला जातो. गालावर आला तर गालाला बाही कुठून शिवू?

घरातही मी दुपट्टा बांधून वावरू लागले. हे दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "घरात काहून बांधून राहिली वं?"

"ऊन लागते."

"कूलरपुढं?"

"कूलरची हवा लागते."

ह्यांनी पोळी तोडली, माझ्याकडं पाहिलं, कूलरकडं पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात माणूस काही प्रश्न गिळायला शिकतो. तो त्यांनी वरणासोबत गिळला.

आणि त्याच दुपारी, फोन नाही काही नाही, रामटेकहून मंदाताई आणि व्याही दारात उभे! साक्षगंधाची तारीख पक्की करायला. आता पाहुण्यांपुढं तोंड बांधून कसं बसणार? पल्लवी पाठीमागून कुजबुजली, "आई, दुपट्टा काढ ना, कसं दिसते ते!" आणि तिनंच ओढून काढला.

मंदाताईंची नजर माझ्या गालावर गेली आणि तिथंच थांबली.

"कशा आहे विहीणबाई?"

"अं... बली ए." ओठ ओढला गेला ना! 'बरी आहे' म्हणायला गेले तर असं निघालं.

मंदाताईंच्या कपाळाला आठी. व्याह्यांचे डोळे मात्र एकदम चमकले. का चमकले ते मला तेव्हा कळलं नाही.

मी मागच्या अंगणात मोरीपाशी गेले. तिथल्या आरशात गाठ पाहिली, तोंडात पाणी घेतलं, खळखळून चूळ भरली आणि थुंकले. वळते तर दारात मंदाताई! त्यांनी मोरीकडं पाहिलं, माझ्या गालाकडं पाहिलं, आणि तशाच आत गेल्या.

त्यांच्यामागून व्याही आले. इकडं तिकडं पाहून अगदी हळू आवाजात म्हणाले,

"वहिनी, अर्धीच द्या."

"काय अर्धी?"

"पुडी जी! हिले सांगू नका. पाच वर्षं झाले, वाससुद्धा घेतला नाही."

"कसली पुडी?"

"माह्यापाशी काय लपवता? तीस वर्षं याच गालात ठेवला मी. डावा गाल. लोक काहीही म्हणोत, डाव्या गालात जी मजा आहे ती उजव्यात नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खर्रा! ह्या माणसाला वाटतंय माझ्या गालात खर्रा आहे! आणि ह्याला वाटतंय तर मंदाताईंना काय वाटत असेल?

मी धावत आत गेले. मंदाताई पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या. पल्लवी चहाचा ट्रे घेऊन तशीच थिजलेली.

"तारखेचं जरा थांबू या," मंदाताई म्हणाल्या. आवाज शांत होता, तेच जास्त भयंकर. "मी तुमच्या यजमानाचे दात पाहिले. तुमचे पाहाले पायजे होते, ते राहून गेलं. बाईमाणसाचे काय पाहा, असं वाटलं मले."

मी पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी आलेलं. तेव्हा मी काय सांगायला हवं होतं? इंजेक्शन घेतलं, चुकलं, इतकंच ना? किती सोपं! पण ह्यांना सांगितलेलं नाही, पोरीला सांगितलेलं नाही. विहिणीला काय सांगू, की लेकीच्या लग्नात फोटो चांगला यावा म्हणून म्हातारपणी गाल भरून घेतले? लाज खर्ऱ्याची वाईट की याची?

"दाढ!" मी ओरडले. "दाढ सुजली माझी!"

सगळे माझ्याकडं वळले.

"दाढ?" मंदाताईंनी पर्स खाली ठेवली. "खरंच दाढ?"

"भयंकर! दोन रात्री झोप नाही."

हे म्हणाले, "घोरून तर राहिली होती."

"दुखण्यानं घोरत होते!"

मंदाताईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "माह्या भावाचा दाताचा दवाखाना आहे रामटेकले. उद्या सकाळी या. मी तिथं थांबतो." मंदाताई आवेशात आल्या की बाप्यासारख्या बोलतात. "दाढ असंल तर मी तुमच्या पाया पडन. नसंल..." आणि त्यांनी पुढचं वाक्य तिथंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी रामटेकच्या बसमध्ये. सगळ्या वाटेनं देवाला एकच मागणं. रामराया, गडावरून खाली तुझं लक्ष असेल तर माझी एक तरी दाढ किडलेली निघू दे! आपल्या तोंडात कीड निघावी म्हणून देवाला साकडं घालणारी बाई त्यानंही पहिल्यांदाच पाहिली असेल.

देवानं ऐकलं हो. पण अर्धंच ऐकलं.

मंदाताईंच्या भावानं मला खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर धरला. मंदाताई उशाशी, हाताची घडी घालून. आमचे हे पायाशी.

"डावीकडचे सगळे दात ठणठणीत आहेत," भाऊ म्हणाला.

मी डोळे मिटून रामाचं नाव घेतलं.

"उजवीकडं वर एक दाढ किडलेली आहे. बरीच."

"तीच!" मी उघड्या तोंडानंच ओरडले. "तीच ती!"

"पण बाई, सूज डावीकडं आहे आणि कीड उजवीकडं."

मंदाताई वाकल्या. हे वाकले. तिघांची डोकी दिव्याभोवती, आणि मी खाली.

"माझं लहानपणापासून असंच आहे," मी म्हटलं. "दुखते एकीकडं, सुजते दुसरीकडं."

हे म्हणाले, "हे मात्र खरं आहे जी. हिचं डोकं दुखते तवा पाय मलेच दाबा लागते."

भावानं डोकं खाजवलं. "डाव्या गालाचं मले समजून नाही राहिलं. ते दुसऱ्या डॉक्टरले दाखवा. दाढेचं म्हणाल तर काढायची गरज नाही. साफ करून भरून देतो."

भरून! हा शब्द ऐकला आणि मी खुर्चीत उठूनच बसले.

"भरू नका! डॉक्टरसाहेब, काही भरू नका! भरण्याचं नाव काढू नका! काढा ती, मुळापासून काढा!"

"अहो, पण टिकंल अजून..."

"नको टिकायला!"

काढली. ज्या बाईनं दोन मिनिटांच्या बारीक सुईला भिऊन आठवडा काढला, तिनं हिरडीत तीन सुया घेतल्या आणि पक्कडीनं दाढ उपटून घेतली. कशासाठी? गालाला डाग पडू नये म्हणून! ह्याला काय म्हणतात ते तुम्हीच सांगा.

मग कापसाचा बोळा. भाऊ म्हणाला, "अर्धा तास घट्ट दाबून धरा. बोलायचं नाही."

मला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. हे औषध आणायला गेले. मंदाताई शेजारी येऊन बसल्या, आणि खरोखरच माझ्या पायाला हात लावायला वाकल्या. मी त्यांना धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"माफ करा विहीणबाई. तुमचे सगळे दात पाहिले मी. मोत्यावाणी आहे. मी उगाच संशय घेतला. साक्षगंध पुढच्याच रविवारी करू."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. थोडं आनंदाचं, थोडं दाढेचं.

मग त्या जरा जवळ सरकल्या. "एक सांगू? हसू नका. काल तुमचा गाल पाहिला ना, तवा मले पहिले खर्रा वाटलाच नाही. मले वाटलं, विहीणबाई गालात ते भरायचं इंजेक्शन घेऊन आल्या."

मी बोळा दाबला.

"काहून म्हणाल, तर मीच घेतलं होतं! मोठीच्या लग्नात. अश्शीच गाठ आली होती मले, ह्याच जागी. मग विरघळवायचं घेतलं. मलेबी लय भीती होती, डाग पडंल, व्रण राहील. काही नाही जी! दोन मिनिटं. चार दिवस निळं दिसलं, गेलं." त्यांनी गाल माझ्या नाकापुढं आणला. "पाहा. दिसते काही?"

मी पाहिलं. डाग नाही, खड्डा नाही, टिंबसुद्धा नाही. गुळगुळीत गाल.

"पण मीच माह्या मनाले म्हटलं," मंदाताई म्हणाल्या, "मंदे, ही बाई किती साधी, किती सरळ! असला वेडेपणा ही करणार नाही. मंग राहिलं काय? खर्राच!"

सांगा, काय करायचं मी? तोंडात बोळा, बोळ्यामागं रक्त, आणि समोर माझ्या सरळपणाची आरती. मी मान हलवली. कशी हलवली तेही मला माहीत नाही. आडवी की उभी, त्यांनी त्यातून काय घ्यायचं ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं त्या डॉक्टरणीकडं गेले. हातावर चाचणी, मग गालात इंजेक्शन. दोन मिनिटंही लागली नाहीत. गाठ उतरली. थोडं निळं दिसलं, ते पावडरीखाली गेलं. डाग? भिंग घेऊन शोधा.

आता तुम्हाला वाटेल, झालं, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं.

साक्षगंध थाटात झालं. पल्लवी काय गोड दिसत होती! अंगठ्या घातल्या, विहिणींची गळाभेट झाली, मंदाताईंनी मला कुंकू लावलं आणि माझा डावा गाल हातात धरून सगळ्यांना दाखवला.

"पाहून राहिले का सगळे? माह्या भावाच्या हाताले गुण आहे. दाढ काढली उजवी, गाल उतरला डावा! तो स्वतःच चकित झाला."

बायका जवळ आल्या. कोणी गाल दाबला, कोणी तोंड उघडायला लावलं. त्यांत मंदाताईंची धाकटी जाऊ होती. तिच्या डाव्या गालावर महिन्याभरापासून सूज. ती म्हणाली, "माह्याबी उजव्या दाढेले कधी काही झालं नाही, पण वहिनी म्हणते तर उद्या काढूनच घेतो बापा. वहिनीचेच भाऊ आहे, काढून देतील."

माझ्या थापेपायी एका बाईची धडधाकट दाढ जाणार! आणि खरं बोलावं तर? अंगठ्या घालून पंधरा मिनिटं झाली नव्हती. पलीकडं पल्लवी त्या मुलाशेजारी बसून हसत होती. तिच्याकडं एकदा पाहिलं, जावेच्या गालाकडं एकदा पाहिलं, आणि मंदाताईंचा हात धरून त्यांना स्वयंपाकाच्या मांडवामागं नेलं. तिथं सगळं सांगितलं. कंस, मीना, गाठ, देवीचा डाग, खड्डा, सगळं. एका दमात.

"तुमच्या जावेला दाढ काढू देऊ नका," मी म्हटलं. "आणि राग माझ्यावर काढा, पोरीवर नको."

मागं बुंदी तळण्याचा आवाज. मला वाटलं, आता त्या पर्स खांद्याला लावणार.

"म्हणजे," त्या हळूहळू म्हणाल्या, "मी तुमच्यापुढं माहा गाल उघडा केला, सगळं सांगितलं, तवा तुम्ही चूप बसल्या?"

"तोंडात बोळा होता हो विहीणबाई!"

"अन् बोळा काढल्यावर?"

मी हात जोडले.

मंदाताईंनी पदराचा बोळा करून आपल्याच तोंडात कोंबला. खांदे गदागदा हलायला लागले. मला वाटलं रडतायत. छे हो! हसून हसून खाली बसल्या, बुंदीच्या पातेल्याला धरून.

लग्न मोडलं नाही. जावेची दाढही वाचली. वाया गेली ती एकच, माझी. आणि ती भरून टिकली असती, असं मंदाताईंचा भाऊ अजूनही भेटला की सांगतो.